लांबीखालचा गंज

ग्वाल्हेरच्या आमच्या वाड्यात आजोबांची महिंद्र जीप अनेक पावसाळे उभी आहे. १९४१ सालच्या विलीस युद्धजीपचा हा वंश. नव्वदीच्या आजोबांना तिच्यातून पुन्हा किल्ल्यावर जायचे आहे.

कारागीर म्हणाला, "लांबी भरून रंग मारतो, आठवड्यात नवी दिसेल." मोह झाला, पण लांबीखाली ओल राहते आणि गंज पत्रा खातच जातो. म्हणून बाबांनी व मी हातोडीने ठोकून पाहिले. खणखणीत पत्रा राखला. कुजका कापून नवा जोडतो आहोत, वर रेड ऑक्साइड लावतो आहोत.

जुन्यातले चांगले राखायचे तर कुजके कापावेच लागते, असे माझे ठाम मत आहे. आजोबा मात्र रोज विचारतात, "झाली का रे?" तेव्हा माझ्याजवळ उत्तर नसते.