‘ल’ला दांडी कुणी लावली?

मुलांनो, पाटीवर तुम्ही काढता तो ‘ल’ पाकळ्यांचा. मग संगणकावर मराठी वाचताना त्याच ‘ल’ला कधी कधी उभी दांडी कुठून फुटते? आमच्या करडीत चौथीतल्या एका मुलीनं तर विचारलंच, “सर, आता कोणता लिहू?” बाळ, पाकळीचाच. मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ वापरावा, असं राज्य शासनानं २००९ साली ठरवून दिलं आहे.

पण संगणकाला मराठीचा ‘ल’ आणि हिंदीचा ‘ल’ एकच! युनिकोडमध्ये दोघांना मिळून एकच क्रमांक. आकार ठरवतो तो फाँट. काही फाँटांत दोन्ही आकार असतात. पानाच्या आत भाषेची खूण लिहिलेली असते, ती पाहून त्यातला एक निवडला जातो. खूण हिंदीची असली की दांडी आलीच.

ही खूण दिसायची कशी? घराचे कवेलू बाहेरून दिसतात, वासे पाहायला आत शिरावं लागतं. वेबपानाच्या आत शिरायला जो हेविट यांनी २००६ मध्ये फायरफॉक्स ब्राउझरसाठी ‘फायरबग’ नावाची जोडणी काढली. विंडोज असो, मॅक असो की लिनक्स, ती सगळीकडे चाले. (बग म्हणजे किडा, प्रोग्राममधल्या चुकीलाही बगच म्हणतात.) वेबपानं बनवणाऱ्यांना ती फार आवडली. २०१७ मध्ये फायरबग थांबलं, कारण तीच सोय आता ब्राउझरमध्येच असते.

करून पाहा. संगणकावर एखादं मराठी पान उघडा, माउसचं उजवं बटण दाबून ‘इन्स्पेक्ट’ निवडा. अगदी वर ‘एचटीएमएल’च्या ओळीत ‘लँग’ शोधा. तिथे ‘एचआय’ म्हणजे हिंदी असेल, तर खोडून ‘एमआर’ लिहा. फाँटात दोन्ही आकार असतील, तर दांडी गळून पाकळ्या येतील! नसतील, तर काहीच हलणार नाही; मग दोष फाँटाचा समजा.

पान पुन्हा उघडलंत की तुमचा बदल गायब! मूळ पान दूर सर्व्हरवर असतं, त्याला तुमचा हात लागलेलाच नसतो. पालकहो, इथे जरा थांबा. याच युक्तीनं कुणीही निकालाच्या पानावर ५२ चे ९२ करून त्याचा फोटो पाठवू शकतो. पैसे जमा झाल्याचा फोटोही असाच तयार होतो. फोटो राहू द्या, खातं स्वतः उघडून पाहा.