स्टेपनीचा गुन्हा काय?

परवा छत्रपती संभाजीनगरात क्रांती चौकाजवळच्या एका कार्यक्रमात एका विद्वान वक्त्यांनी आपल्या लोकांच्या इंग्रजीची लक्तरं वेशीवर टांगली. ‘स्टेपनी’ हा शब्दच नाही, ‘पासआउट’ म्हणजे चक्कर येऊन पडणं, ‘प्रीपोन’ हा अडाण्यांचा शोध. ज्याला शब्द धड वापरता येत नाही, त्याला विचार काय करता येणार? टाळ्या पडल्या. मला चीड आली ती त्या टाळ्यांची.

‘प्रीपोन’ ऑक्सफर्डच्या कोशात आहे, तो विषय तिथेच संपला. स्टेपनीचं मात्र नीट सांगायला हवं. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. 1904 साली वेल्समधल्या लानेली गावात डेव्हिस बंधूंनी ते तयार केलं. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून चाकाचं नाव स्टेपनी. तिकडे ते नाव मागे पडलं, आपण जपलं. जालना रोडवर पंक्चरवाल्या पोराने माझी डिकी उघडली, टायरवर अंगठा दाबला आणि म्हणाला, “चाचा, स्टेपनी में बी हवा नै.” यात न कळण्यासारखं काय आहे?

आणि अर्थ बदलणं हा गुन्हा असेल, तर आधी मराठीलाच आरोपी करा. ‘राजीनामा’ म्हणजे मुळात राजी असल्याचा कागद, तडजोडीचा लेख. उर्दूत आजही तोच अर्थ आहे. 1948 पर्यंत या शहराच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या, कचेऱ्या उर्दूत चालल्या, तरी मराठी माणूस राजीनामा देऊन नोकरी सोडतच राहिला. ‘शिक्षा’ हिंदीत शाळेत मिळते, आपल्याकडे कोर्टात. आमच्या दखनी उर्दूलाही दिल्लीवाले गावंढळ समजत. 1700 साली इथला कवी वली औरंगाबादी दिल्लीला गेला आणि फारसीत रमलेले तिथले कवी पुढे त्याच्या वळणाने लिहू लागले. अशुद्धतेचा हा आरोप आम्ही तीनशे वर्षं ऐकतो आहोत.

माझं म्हणणं साधं आहे. मुलांना दोन्ही सांगा, इथे स्टेपनी म्हणतात, लंडनला स्पेअर व्हील म्हणावं लागेल. ऐकणाऱ्याचा घोटाळा होतो तिथे जरूर सुधारा.

पण हसू नका. वाळूजच्या एका कारखान्यात मुलाखतीला गेलेला गंगापूरकडचा एक मुलगा ‘2023 पासआउट’ म्हणाला आणि समोरचे दोघे हसले. पुढची उत्तरं त्याच्या घशातच राहिली. लेथवर त्याचा हात बसलेला आहे. ते कुणी विचारलंच नाही.