रीडमी कोण लिहिणार?

गॅदरिंगच्या फिल्मच्या शेवटी नावांच्या पट्ट्या येतात, तेव्हा आपण खुर्च्या सरकवून उठायला लागतो. पण घरी यूट्यूबवर तीच फिल्म बघणारे आई-बाबा नेमक्या त्याच पट्ट्या थांबवून थांबवून वाचतात. आणि तिथे ‘श्रद्धा’चं जोडाक्षर तुटलेलं असलं की फोन कोणाला येतो? व्हिडिओ टीमला!

ही नावं टाकणं म्हणजे निव्वळ हमाली. समजा दोनशे नावं आहेत. टायटल ओढा, नाव टाइप करा, लांबी जुळवा, पुढचं घ्या. साहजिकच इंजिनिअरिंगचं डोकं म्हणतं, स्क्रिप्ट लिहू. दा विंची रिझॉल्व्हमध्ये पायथन किंवा लुआ वापरून हे मस्त जमतं. एक्सेलची यादी द्या, स्क्रिप्ट एकेक नाव उचलून ‘टेक्स्ट प्लस’मध्ये भरते. पण ज्याने ती लिहिली तो मे महिन्यात पास आऊट होतो. मागे उरतो एक पेनड्राइव्ह, त्यात ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘फायनल खरं’. ज्युनियर दोन तास डोकं फोडतो आणि शेवटी हातानेच टाइप करायला बसतो.

माझं स्पष्ट मत आहे, डॉक्युमेंटेशन म्हणजे ताटातली चटणी नव्हे. ते नसेल तर टूल झालंच नाही असं समजावं.

कारण अडतं ते कोडमध्ये नाही, आजूबाजूच्या बारीकसारीक गोष्टींत अडतं. रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत स्क्रिप्ट आतूनच, वर्कस्पेस मेनूतून चालवावी लागते. बाहेरून टर्मिनलमधून चालवायला पैसे भरून घेतलेली स्टुडिओ आवृत्ती लागते. नवी टाइमलाइन शून्यापासून सुरू होत नाही, ०१:००:००:०० पासून होते. म्हणजे २५ फ्रेम्सच्या हिशोबाने तब्बल ९०,००० फ्रेम्सचा फरक! टायटल घालणाऱ्या फंक्शनचं नाव मारुतीच्या शेपटाएवढं लांब आहे, पण ते टायटल कुठे पडणार? प्लेहेड जिथे उभं असेल तिथे. कंपनीच्या रीडमीत त्या फंक्शनपुढे जेमतेम एक ओळ आहे, त्यातून हे कळत नाही. ज्याने ठेच खाल्ली त्यानेच ते लिहून ठेवायला हवं.

त्यात आपली देवनागरी. एक्सेलमधून नुसतं ‘सीएसव्ही’ म्हणून सेव्ह केलं की बहुतेक वेळा सगळ्या नावांची प्रश्नचिन्हं होतात, ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडावं लागतं. ते निवडलं की एक्सेल फाइलच्या सुरुवातीला न दिसणारं एक चिन्ह चिकटवतं, आणि पायथनला ‘यूटीएफ-८-सिग’ सांगितलं नसेल तर पहिला कॉलमच सापडत नाही. यादी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असली तर मग देवच वाली. हे सगळं लिहायला अर्धं पान पुरतं हो! ते अर्धं पान कोणी लिहीत नाही.

आता सर आणि मॅडम रागावणार नसतील तर थोडं ब्लॅक बुकबद्दल. सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग, इंट्रोडक्शन, लिटरेचर सर्व्हे, सगळं असतं. पण प्रोजेक्ट चालू कसा करायचा हे कुठल्या पानावर आहे? मार्क जाडीला मिळतात म्हणून आपण जाडी वाढवतो. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ चं आहे. त्यात एकेका कमांडला जेमतेम पान-दोन पानं. पण त्यात ‘बग्ज’ असा वेगळा मथळा होता, आणि ‘ओनर’ असाही. काय बिघडतं आणि कोणाला विचारायचं, दोन्ही सांगून मोकळे! आपल्याकडे बग लपवायचा आणि व्हायवात बाहेरच्या एक्झामिनरने तिथे क्लिक करू नये म्हणून प्रार्थना करायची.

भाषेचंही बोललं पाहिजे. मी कॉन्व्हेंटवाला, मला इंग्रजीत लिहिणं सोपं जातं. तरी माझं म्हणणं आहे की रीडमी होस्टेलच्या भाषेत असावी. रात्री दोन वाजता, सकाळी स्क्रीनिंग असताना, ‘आधी टाइमलाइन उघडी ठेव, मगच रन कर’ हे वाक्य इंग्रजीतल्या लांबलचक पॅसिव्ह व्हॉइसपेक्षा लवकर कळतं. इंग्रजी प्रत नंतर करा, कोणी अडवलंय?

व्हिडिओ टीमपुरती एक पद्धत सुरू करता येईल. नवीन टूल स्वीकारण्याआधी ते फर्स्ट इयरच्या एखाद्या मुलाला द्यायचं, सोबत फक्त रीडमी. लिहिणाऱ्याने खोलीबाहेर उभं राहायचं, खाणाखुणा बंद. त्या मुलाने दहा नावं टाकून दाखवली तर टूल पास. दहांत एक ज्ञानेश्वर आणि एक श्रद्धा जरूर ठेवा.