चित्र जपले, पण अर्थ?

बारा कोसांवर भाषा बदलते, असे म्हणतात. शास्त्रीय प्रतिमांच्या फायलींत ती यंत्रागणिक बदलते आणि त्याचा भुर्दंड संशोधनाला पडतो.

औषध शरीरातील प्रथिनाला नेमके कुठे चिकटते, हे पाहण्यासाठी त्या प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरणांचा झोत सोडतात. स्फटिक थोडा थोडा फिरवत शेकडो, कधी हजारो प्रतिमा घेतात. प्रत्येक प्रतिमेत दिसतात ते नुसते ठिपके. किरणांची तरंगलांबी किती, स्फटिकापासून शोधक किती दूर, स्फटिक कोणत्या अक्षाभोवती फिरला, हे सोबत नोंदवलेले नसेल तर त्या ठिपक्यांतून रचना उलगडणे जिकिरीचे होते.

अशा नोंदींसाठी संज्ञाकोश आहेत. पण ते एकाहून अधिक आहेत. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सीआयएफ’ पद्धतीतून पुढे प्रतिमांसाठी ‘इमेजसीआयएफ’ निघाला. न्यूट्रॉन आणि क्ष-किरण केंद्रांत ‘नेक्सस’ रुजला. पहिल्यात झेड अक्ष नमुन्याकडून किरणांच्या उगमाकडे जातो, दुसऱ्यात किरणांच्या प्रवासाच्या दिशेने. दोन्ही बरोबरच, पण कोणता कोश वापरला हे न पाहता आकडे उचलले, तर हिशेब फसलाच म्हणायचा.

मग एकच कोश का नको? कारण जुन्या फायली आणि त्या वाचणारी सॉफ्टवेअर एका ठरावाने नाहीशी होत नाहीत. कोणती संज्ञा कोणत्या संज्ञेशी जुळते, हे पक्के ठरवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. २०२० मध्ये शोधक बनवणारे, क्ष-किरण केंद्रे आणि सॉफ्टवेअरकार यांनी मिळून प्रथिन-स्फटिकांच्या प्रतिमांसोबत कोणत्या नोंदी हव्यातच, याचा समान दंडक प्रसिद्ध केला, तो याच वाटेवरचा.

वैद्यकाने हा धडा आधीच गिरवला आहे. एका रुग्णालयातील सीटी स्कॅनची सीडी दुसरीकडे उघडते, ती १९९३ पासून रूढ झालेल्या ‘डायकॉम’ या समान मानकामुळे.

इंदूरच्या ‘इंडस-२’ वरही प्रथिन-स्फटिकांच्या अभ्यासाची सोय आहे. सार्वजनिक पैशातून घेतलेली प्रत्येक प्रतिमा पूर्ण नोंदींसह जपण्याची अट अनुदानातच असावी. औषधाच्या दाव्यावर उद्या शंका आली, तर मूळ पुरावा पुन्हा तपासता यायला हवा. न वाचता येणारा पुरावा असून नसल्यासारखाच.