हृदयाच्या भिंतीआड

घरातील एखादा धडधाकट तरुण खेळता खेळता अकस्मात कोसळतो आणि पुन्हा उठत नाही. लोक "नशीब!" म्हणून निघून जातात, घर दुःख गिळून गप्प बसते. परंतु वाचकहो, अशा मृत्यूमागे कित्येकदा हृदयाच्या स्नायूचा एक आनुवंशिक विकार दडलेला असतो, हे आज आम्हांस सांगावयाचे आहे.

लंडनचे शवचिकित्सक डोनाल्ड टीअर ह्यांनी १९५८ साली आठ तरुण रुग्णांच्या हृदयांचे वर्णन प्रसिद्ध केले. हृदयाच्या दोन कप्प्यांमधील भिंत वेडीवाकडी जाड झाली होती आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूंचे तंतू विस्कटलेले दिसत होते. सुमारे पाचशे माणसांत एकास हा विकार असतो. आईबापांपैकी एकाकडे त्याचा जनुकदोष असल्यास तो प्रत्येक अपत्यात उतरण्याचा संभव निम्मा असतो.

टीअर ह्यांनी मृतांत जे पाहिले, ते आता जिवंत माणसात पाहता येऊ लागले आहे. एम. आर. आय. यंत्रात क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबक व रेडिओलहरी ह्यांच्या साहाय्याने चित्र उमटते. शिरेतून गॅडोलिनियमचे औषध दिले म्हणजे स्नायूंतील व्रण उजळून दिसतात. स्नायूतील पाण्याचे कण कोणत्या दिशेने सरकतात हे मोजून तंतूंची ठेवणही ताडता येते. ज्यांच्यात जनुकदोष आहे, पण भिंत अद्याप जाड झालेली नाही, अशांतही तंतूंची विस्कळीत मांडणी व सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा अपुरा पुरवठा आढळतो, असे लंडनच्या संशोधकांनी २०२३ साली दाखविले. भिंतीला पोपडे धरण्यापूर्वीच आतली ओल कळावी, तसे हे झाले. मात्र ही सूक्ष्म तपासणी अजून मोठ्या संशोधन केंद्रांपुरतीच आहे.

म्हणून कोणी एकदम यंत्राकडे धाव घेऊ नये. प्रथम कार्डिओग्राम व इको काढावा; गरज वाटल्यास डॉक्टरच पुढील तपासणी सुचवितील. शरीरात पेसमेकर वा धातूचा तुकडा असल्यास आधी सांगावे. यंत्राचा खडखडाट मोठा असतो, परंतु वेदना नसते.

विकार सापडला म्हणजे मरण आले, असे मुळीच नव्हे. पुष्कळ रुग्ण दीर्घायुषी होतात. औषधे आहेत, आणि धोका अधिक असल्यास छातीत बसविण्याचे रक्षक यंत्रही आहे.

आमची विनंती एवढीच: ज्या घरात असा तरुण मृत्यू घडला, तेथील भावंडांची व मुलांची तपासणी अवश्य करावी. सोयरीक मोडेल ह्या भीतीने गोष्ट दडवू नये. माहेरास वा सासरास बोल लावू नये. गेलेला परत येत नाही, पण मागे राहिलेल्यांस वाचविता येते.