तार तालुक्यापर्यंत आली, वस्तीचे काय?

रस्ता आणि पाणी जितके महत्त्वाचे, तितकीच आज टेलिफोनची तारही महत्त्वाची झाली आहे. पण ही तार सर्वांना सारखी मिळत नाही, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

नांदेड-लातूरच्या बँका, मोठी इस्पितळे, कारखाने आणि सरकारी कचेऱ्या ज्या लाईनवर चालतात तिला लीज लाईन म्हणतात. ती एकाच ग्राहकासाठी राखून ठेवलेली असते. तिचा जुना रुळलेला प्रकार म्हणजे दोन मेगाबिटची ई-वन लाईन. तिच्यात 64 किलोबिटचे 32 कप्पे असतात आणि एकाच वेळी 30 जणांचे बोलणे चालू शकते. आता तांब्याच्या तारेच्या जागी काचेचा धागा आला आणि वेग कैक पटीने वाढला. तत्त्व मात्र तेच राहिले. जो भाडे भरेल त्याचा वेग राखीव आणि त्याची तक्रार आधी. बाकीच्यांनी एकाच तारेत दाटीवाटीने बसायचे.

शिवाय या लाईनचे भाडे क्षमतेबरोबर अंतरावरही ठरत आले आहे. ट्रायने 2005 मध्ये आणि पुन्हा 2014 मध्ये कमाल दर खाली आणले हे खरे. परंतु मुंबईपासून नांदेड दूर आहे, हा नांदेडकरांचा गुन्हा आहे काय? जो प्रदेश मागे ठेवला गेला त्याच्याकडूनच अंतराची वसुली करायची, हा कुठला न्याय?

सरकारला हे कळत नव्हते असे नाही. केंद्राने 2005 मध्ये राज्यव्यापी जाळ्याची योजना मंजूर केली. राज्याच्या मुख्यालयापासून जिल्हा आणि जिल्ह्यापासून तालुका किमान दोन मेगाबिटने जोडायचा, असे तिचे स्वरूप होते. नांदेडचे 16 आणि लातूरचे 10 तालुके धरले तर तहसील कचेरीची सोय झाली. पुढे 2011 मध्ये ग्रामपंचायतींसाठी ऑप्टिकल फायबरची योजना आली. तिलाच 2015 पासून भारतनेट म्हणतात. म्हणजे तार तालुक्यातून गावात निघाली. पण ती पोहोचायची कुठे, तर ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. आपली वस्ती कुठे आहे? गावकुसाबाहेर. विहिरीच्या आणि रस्त्याच्या बाबतीत जे शेवटचे अर्धा किलोमीटर कधी संपले नाही, तेच आता काचेच्या धाग्याच्या बाबतीत उरले आहे.

याची किंमत आपली मुले मोजतात. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, जातीच्या दाखल्याचा अर्ज ऑनलाईन, प्रवेशाची यादी ऑनलाईन. अंतिम तारखेच्या रात्री ज्याची लाईन चालते त्याचा अर्ज जातो. किनवट-माहूरच्या डोंगरातल्या मुलाने अशा वेळी काय करायचे? तिथे गुणवत्ता कमी पडत नाही, तार कमी पडते.

दुसरा प्रश्न नोकरीचा आहे. बीएसएनएलमध्ये आरक्षणामुळे आपल्या हजारो घरांत पहिला कायम पगार आला. 2020 च्या जानेवारीअखेर एकाच दिवशी या कंपनीचे 78 हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले. त्यानंतर लाईन दुरुस्तीची बरीचशी कामे कंत्राटदारांकडे गेली. निविदेत आरक्षण नसते. बाबासाहेबांनी 1947 च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली होती. दूरसंचार आज मूलभूत उद्योग नाही, असे कोण म्हणेल?

पैसा नाही ही सबब तर ऐकूच नये. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाचा पाच टक्के हिस्सा सार्वत्रिक सेवेसाठी म्हणून घेतला जातो. 2023 च्या दूरसंचार कायद्याने त्या निधीचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ झाले. कंपन्यांचा महसूल येतो आपल्या रिचार्जमधून. म्हणजे हा पैसा आपलाही आहे. 2023 मध्येच भारतनेटचा 1 लाख 39 हजार कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. ग्रामपंचायतीबाहेरच्या गावांना त्यात मागणीनुसार जोडणी द्यायची आहे.

‘मागणीनुसार’ हा शब्द कार्यकर्त्यांनी अधोरेखित करून ठेवावा. जो मागणार नाही त्याला मिळणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा असते. वस्तीतील शाळा, समाजमंदिर, अभ्यासिका आणि समाजकल्याणचे वसतिगृह यांना हमीच्या वेगाची जोडणी द्यावी, असा ठराव तिथे मांडा. तो इतिवृत्तात नोंदवून घ्या, त्याची प्रत जिल्हा परिषदेला पाठवा आणि पोच जपून ठेवा. बँकेला जी हमी पैशाने मिळते, ती आपल्या मुलांना हक्काने मिळाली पाहिजे. आम्ही सवलत मागत नाही, आमचा वाटा मागतो.