आकड्यांचे वेड आणि अंतराची किंमत

वन्यप्राण्यांची आणि धावत्या खेळांची छायाचित्रे काढण्यासाठी कोणता मिररलेस कॅमेरा घ्यावा, हा प्रश्न आता चार हौशी मंडळींच्या गप्पांपुरता राहिलेला नाही. मध्यमवर्गीय घरातील कित्येक वर्षांची शिल्लक ज्या वस्तूवर एका दिवसात खर्ची पडते, तिची निवड कोणत्या कसोटीवर होते हे पाहणे अगत्याचे आहे. आणि ते पाहू गेल्यास विषाद वाटल्यावाचून राहत नाही. सेकंदाला चित्रे किती आणि पिक्सेल किती कोटी, एवढ्या दोन आकड्यांवर सारा व्यवहार ठरतो. ज्या प्राण्यासाठी हा खटाटोप, त्याचे नाव या हिशेबात कोठेच येत नाही. आमचे म्हणणे असे की, ही निवड उलट्या टोकाने होत आहे. कॅमेऱ्याच्या धडावर उधळलेला आणि भिंगावर वाचवलेला पैसा अखेर कोणाकडून तरी वसूल होतोच. आणि बहुधा तो मुक्या प्राण्याकडून वसूल होतो.

नव्या यंत्राचे श्रेय नाकारण्याचा आमचा हेतू नाही. २००८ साली पॅनासॉनिकने ल्युमिक्स जी१ हा बिनआरशाचा कॅमेरा आणला, तेव्हा पक्षी टिपणाऱ्यांनी त्याकडे फारसे गांभीर्याने पाहिले नव्हते. २०१७ साली सोनीचा अल्फा ९ आला आणि चित्र पालटले. दृश्यात खंड न पडता, आवाज न होता, सेकंदाला २० चित्रे तो घेऊ लागला. २०१९ पासून प्राण्याचा डोळा ओळखून त्यावरच नेम धरणारी सोय मिळू लागली. आरसा वर उडताना होणारा तो खटका गेला, हा तर हरणांवर आणि पाखरांवर झालेला उपकारच म्हटला पाहिजे. तेव्हा आमचे भांडण यंत्राशी नाही. यंत्राच्या जाहिरातीतील सर्वांत मोठ्या अक्षरांतला आकडा म्हणजेच यंत्राचा गुण, या समजुतीशी आहे.

थोडे गणित करून पाहू. छोटा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे १६ सेंटिमीटर भरतो. तो २० मीटरांवर बसला असता २०० मिलिमीटरच्या भिंगातून सेन्सरवर पडणारी त्याची प्रतिमा जेमतेम १.६ मिलिमीटरची होते. पूर्णचौकटी सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे खंड्याच्या वाट्याला चित्राच्या रुंदीचा बाविसावा हिस्सा आला. तेथे ६०० मिलिमीटरचे भिंग लावा, प्रतिमा ४.८ मिलिमीटरची, साधारण साडेसातावा हिस्सा, होते. २०० मिलिमीटरच्या भिंगाने तेवढीच प्रतिमा हवी असेल, तर पावणेसात मीटरांवर जाऊन उभे राहावे लागेल. सेकंदाला १२० चित्रे घेणारा कॅमेराही या गणितात रेसभर फरक करू शकत नाही. तो बाविसाव्या हिश्श्यातला खंड्या एका सेकंदात १२० वेळा देईल, इतकेच.

आता ही २० आणि पावणेसात मीटरांमधली वाट कशी कापली जाते? ती पाऊल पुढे टाकून कापली जाते. सफारीच्या चालकाला आणखी जरा पुढे घे म्हणून गळ घालून कापली जाते. घरट्यापुढची डहाळी बाजूला सारून, आमिष ठेवून, ध्वनिमुद्रित शीळ वाजवून पाखराला जवळ ओढून कापली जाते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत वन्यप्राण्यांपासून २० मीटरांहून अधिक अंतर राखण्यास सांगितले आहे आणि त्यांना घेरण्यास वा भुलवण्यास मनाई केली आहे. तरीही ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या वाहनांच्या वेढ्यात सापडले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची आपणहून दखल घ्यावी लागली. त्या वाहनांत कोणाच्या हाती मोबाइल होता आणि कोणाच्या हाती कॅमेरा, हा वाद आम्हांस गौण वाटतो. जवळ गेल्याखेरीज चित्र नाही, ही भूक दोहोंत एकच. लांब भिंग ही भूक सर्वस्वी भागवते असे आम्ही म्हणत नाही; लोभी मनुष्य ६०० मिलिमीटर घेऊनही पुढेच सरकेल. परंतु ज्याला दूर राहायचे आहे, त्याला दूर राहणे शक्य करून देणारी वस्तू तीच आहे. भिंगाची लांबी म्हणजे प्राण्याला दिलेली मोकळीक होय.

वेगाचा विचारच करू नये काय? अवश्य करावा, परंतु योग्य वेगाचा करावा. सेकंदाला किती चित्रे, याहून सेन्सर वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत वाचून व्हायला किती वेळ लागतो, हा प्रश्न महत्त्वाचा. आणि तो दुकानात क्वचितच कोणी विचारतो. २०२१ च्या निकॉन झेड ९ मध्ये हे काम सुमारे ४ मिलिसेकंदांत उरकते, म्हणून त्यात यांत्रिक शटर ठेवलेलेच नाही. २०२२ च्या कॅनन आर ७ ला त्याच कामास सुमारे ३० मिलिसेकंद लागतात. तोही मूक शटरवर सेकंदाला ३० चित्रे घेतो, आणि कागदावर ते वाचून ग्राहक हरखून जातो. पण फलंदाजाच्या बॅटचे टोक ताशी १०० किलोमीटर वेगाने फिरत असेल, तर ३० मिलिसेकंदांत ते ८० सेंटिमीटरांहून अधिक पुढे गेलेले असते. परिणामी चित्रात बॅट केळ्यासारखी वाकते, आणि उडत्या पाखराचे पंख कोणत्याही पाखराला नसतात असे दिसतात. हा दोष टाळण्यासाठी यांत्रिक शटरकडे वळावे, तर चित्रे सेकंदाला १५ वर येतात आणि आवाज परत येतो. याचा अर्थ आर ७ वाईट आहे असा नव्हे. बसलेल्या पाखरासाठी आणि बेताच्या खर्चात तो उत्तम आहे. अर्थ एवढाच की, मौन आणि सत्य या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या असतील, तर ३० हा आकडा त्यांची हमी देत नाही. २०२३ साली आलेल्या सोनी अल्फा ९-३ ने सर्व ओळी एकाच क्षणी वाचून हा पेच मुळातूनच सोडवला; पण त्याची किंमतही त्याने मोजली आहे. त्याची मूळ संवेदनशीलता १०० ऐवजी २५० आयएसओपासून सुरू होते. निसर्गात फुकट काही नाही, तसे कारखान्यातही नाही.

पिक्सेलची गोष्टही अशीच. साडेचार कोटी पिक्सेलचे चित्र कडेने छाटून एपीएस-सी आकाराचे केले, तरी सुमारे दोन कोटी पिक्सेल उरतात. हा लाभ खरा आहे. पण छाटणी ही भिंगाची उणीव भरून काढण्याची तडजोड आहे, तिला पर्याय समजणे ही फसगत. उलट ज्याची ऐपत मोठ्या सेन्सरची नाही, त्याने लहान सेन्सरची लाज बाळगू नये. एपीएस-सी सेन्सरवर ६०० मिलिमीटरच्या भिंगाने तोच खंड्या रुंदीचा पाचवा हिस्सा व्यापतो.

यापुढे प्रकाशाचा विचार येतो, आणि येथे आपापला मुलूख पाहावा लागतो. ग्वाल्हेरकरांना चंबळ जवळ. तेथे उन्हाळ्यात वाळूच्या बेटांवर पाणचिरे घरटी करतात आणि काठावर सुसरी ऊन खात पडतात. अशा कडक उन्हात एफ/५.६ वर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाचे चित्र घ्यायला आयएसओ २५० च्या आसपास पुरतो. सोनीचे २०१९ चे २००-६०० किंवा निकॉनचे २०२३ चे १८०-६०० अशी भिंगे तेथे राज्य करतात. पण गोव्यातील मोले-बोंडला, बेळगावकरांचे भीमगड, पलीकडचे दांडेली येथील आषाढातील रान घ्या. तेथे प्रकाश चौसष्टपट कमी झाला, तर तोच आयएसओ १६,००० वर जातो. अशा रानात एफ/६.३ ऐवजी एफ/४ चे भिंग अडीचपट प्रकाश देते, आणि एफ/११ चे हलके, स्वस्त ८०० मिलिमीटरचे भिंग जवळजवळ निरुपयोगी ठरते. चंबळेचा सल्ला मोलेत चालत नाही आणि मोलेचा चंबळेत चालत नाही. तरी सल्ला देणारे मात्र सर्वांना एकच यंत्र सुचवतात! शिवाय आमच्या कोकणच्या दमट हवेत भिंगाला बुरशी धरते. कोरडे कपाट, निदान सिलिका जेलच्या पुड्या घातलेला घट्ट झाकणाचा डबा, हा खर्च कोणत्याही तुलनेच्या तक्त्यात नसतो. पण तो टाळणाऱ्याचे लाखाचे भिंग दोन पावसाळ्यांत आंधळे होऊ शकते.

मैदानी खेळांचे म्हणून निराळे सांगितले पाहिजे. तेथे अंतर सीमारेषेने ठरलेले असते आणि खेळाडू आपल्याला बुजत नाही. म्हणून तेथे लांबीइतकीच भिंगाच्या मुखाला किंमत आहे. संध्याकाळच्या दिव्यांत एफ/२.८ चे भिंग एफ/५.६ च्या चौपट प्रकाश घेते. त्या चौपटीपुढे नव्या धडाची दोन वर्षांची प्रगती फिकी पडते.

या सगळ्यावर एक उच्चासनस्थ आक्षेप नेहमी येतो. कोणी म्हणतात, यंत्राची चिकित्सा कशाला, सारे काही नजरेत असते. हे वाक्य ऐकायला गोड आहे आणि जबाबदारी टाळायला सोयीचे आहे. नजर असूनही आखूड भिंगवाला रसिक जेव्हा घरट्याशी जाऊन उभा राहतो, तेव्हा त्याच्या नजरेचा त्या पिलांना काय उपयोग? आकड्यांचा भक्त आणि साधनांचा तुच्छतावादी हे दोघेही एकच गोष्ट विसरतात. ती ही की, चित्राच्या दुसऱ्या टोकाला एक जीव आहे आणि त्याने या व्यवहाराला संमती दिलेली नाही.

तेव्हा आमचा आग्रह असा. प्रथम प्राणी ठरवावा, मग त्याचा प्रकाश, मग त्याच्यापासून राखायचे अंतर. त्या अंतराला पुरेसे भिंग घ्यावे आणि शिलकीच्या दोन तृतीयांशांपर्यंत वाटा त्यालाच द्यावा. उरलेल्या पैशांत जे धड मिळेल, त्याचा सेन्सर किती वेगाने वाचतो हे आधी विचारावे, डोळ्याला लावून दृश्य सलग दिसते की नाही हे पाहावे, आणि सेकंदाच्या चित्रांचा आकडा सर्वांत शेवटी वाचावा. जुने धड वाईट नसते. ज्याच्यापाशी जुन्या पद्धतीची चांगली भिंगे आहेत, त्याने निकॉन किंवा कॅननचा अडॅप्टर घेऊन ती नव्या धडावर लावावीत. पण अडॅप्टरवर कोणत्या भिंगाचा स्वयंचलित नेम चालतो आणि कोणत्याचा चालत नाही, याची खातरजमा विकत घेण्यापूर्वीच करावी. धड पाच वर्षांत जुने होते. चांगले भिंग वीस वर्षे सोबत करते.

सेकंदाला १२० चित्रांच्या या काळात चित्रे दुर्मीळ राहिलेली नाहीत. दुर्मीळ झाली आहे ती न बुजलेली पाखरे आणि रस्ता मोकळा असलेली वाघीण. त्यांना बुजू न देणारे यंत्र निवडणे हीच खरी पारख. आणि ती ज्याला साधली, त्याच्या चित्रात प्राणी आपल्या स्वभावाने वावरताना दिसेल. तसे चित्र कोणत्याही वेगाने विकत मिळत नाही.